तिसरा वास

"एवढं मोठं नाक दिलंय देवानं, ते काय नुसती चमकी अडकवायला?"

हे पुटपुटणं माझ्या उजव्या कानाच्या इतकं जवळ झालं की कानाला ऊब लागली. मी ओव्हनच्या दारासमोर उकिडवी बसले होते आणि माझ्या मागं, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकेल इतक्या जवळ, आत्या स्टुलावर बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई गोळे. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"ऐकू आलं हां मला," मी म्हटलं.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. काय म्हणतंय ते सांग."

"अजून पाच मिनिटं लागतील."

"मिनिटं मोजायला भिंतीवर घड्याळ हाय. वास काय म्हणतोय?"

मी लांब श्वास घेतला. "लोणी."

"नुसतं लोणी?"

"नुसतं लोणी, आत्या."

"मग बस तिथंच. हलू नको."

तिकडं शेगडीवर घेवडा शिजून त्याचा गाळ व्हायच्या बेताला आला होता, बादलीत कपडे भिजत पडले होते, आणि मी एका लोखंडी पेटीपुढं बसून लोण्याचा वास घेत होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आत्यांनी मला त्या ओव्हनच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. मी पीठ मळायचं, भांडी घासायची, थाळ्यांना लोणी लावायचं. भाजायचं त्यांनी. मला जे काही येत होतं ते त्यांच्या पाठीमागून, मान लांब करून शिकलेलं. आणि त्या हिवाळ्यापासून काय झालं कुणास ठाऊक, दर थाळ्याला "मंदे, ये इकडं." एकदा कंटाळून मी विचारलं तर म्हणाल्या, "परीक्षा घेतेय तुझी." आता चाळिशी उलटल्यावर कुणी परीक्षा घ्यायला लागलं की माणसाला नापास व्हावंसंच वाटतं.

"आता?"

"गूळ आला."

"करपल्यासारखा का पाकासारखा?"

"पाकासारखा."

"हं. जवळ आलं."

आत्यांची उमेदीची वर्षं गेली ती पाचगणीतल्या दिनाबाईंच्या बंगल्यात. सिल्व्हर ओकच्या रांगेमागं तो बंगला होता, पाहुणे उतरायचे, आणि स्वयंपाकघर आत्यांच्या ताब्यात होतं. दिनाबाई पारशी. स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे इंग्रजी तऱ्हेचे खुसखुशीत जाडसर पाव, त्यांनी आत्यांना शिकवले, आणि नाकानं शिकवले. त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळच नव्हतं. पहिला वास लोण्याचा येतो, दुसरा गोडाचा, आणि तिसरा खुद्द पिठाचा, गरम वाळूत गहू भाजल्यासारखा. तिसरा आला की थाळा बाहेर. त्याच्या आधी काढला तर पोटात कच्चा, नंतर काढला तर खडा. पुढं दिनाबाई गेल्या, त्यांच्या भाच्यानं बंगल्याला कुलूप लावलं आणि ओव्हन भंगारात काढला. आत्यांनी तो टेम्पोत घालून घरी आणला. त्याचा काटा दोनशेवर अडकलेला होता. ओव्हन थंडगार असला तरी दोनशेच दाखवायचा. त्यामुळं आमच्याकडंही नाकाशिवाय दुसरं काही नव्हतंच. त्या नाकाच्या जिवावर आम्ही इतकी वर्षं गावातल्या दोन-तीन गेस्ट हाउसना स्कोन पुरवत होतो.

आणि त्या फाल्गुनात केळुस्करबाई आल्या. पुण्याच्या. त्यांनी बंगला भाड्यानं घेतला होता, तब्येत सुधारायला येणाऱ्या लोकांसाठी. साखर असलेली, रक्तदाब असलेली, सकाळी उठून दरीकडं तोंड करून श्वास सोडणारी माणसं. त्यांना चहाबरोबर स्कोन हवे होते, पण मैदा नको, साखर नको. गूळ चालेल म्हणाल्या. जसा काही गूळ साखरेचा कुणी लागतच नाही.

"मैद्याबिगर स्कोन?" आत्या म्हणाल्या होत्या. "मग कुंकवाबिगर हळदीकुंकू पण करा म्हणावं."

पण तो बंगला कुठला हे कळलं आणि त्या क्षणापासून मैदा म्हणजे विष झाला. वाईहून खपली गहू आला. चक्कीवाल्याला "जरा भरड ठेव, कोंडा टाकलास तर बघ" अशी तंबी गेली. त्यात मूठभर नाचणीचं पीठ, अंजीर, मनुका, वाळवलेली तुती, अक्रोड. केळुस्करबाई रविवारी चहाला येणार होत्या, चव बघायला. आवडलं तर बंगल्याचं स्वयंपाकघर पुन्हा आत्यांच्या हातात द्यायचं, असं त्या फोनवर बोलल्या होत्या. ते ऐकल्यापासून आत्या रात्रीच्या जेवणाला बसल्या तरी एक पाय उंबऱ्याबाहेर असल्यासारख्या बसायच्या. देव्हाऱ्यात दिवा लावताना मध्येच थांबून म्हणायच्या, "बंगल्यात सिंकवरची खिडकी पश्चिमेला हाय." आणि पुन्हा वात सारायच्या.

"तिसरा आला," मी म्हटलं.

"नक्की?"

"आत्या, गहू. भाजल्यासारखा."

"काढ मग! तोंडाकडं काय बघतीस?"

थाळा काढला. सुंदर रंग आला होता. खपलीचा तांबूस, वर अंजिराच्या बिया चमकत होत्या. पलंगावर पेपर वाचत पडलेले आमचे हे, म्हणजे संपत, वासासरशी उठून आले. आमची लेक वैजू कॉलेजची वही टाकून आली. आत्यांनी आपल्या हातानं एकेक स्कोन मधोमध फोडून आम्हा तिघांना दिला.

मी घास घेतला आणि तो तोंडातच फिरवत राहिले.

अक्रोड खवट होते. थोडेथोडके नाही, जुन्या तेलाच्या कॅनमध्ये तोंड घातल्यासारखे. गिळताना घशाला खरवडत गेले. सकाळी आत्यांनी डबा उघडला होता, नाक आत घालून चांगला लांब श्वास घेतला होता, आणि म्हणाल्या होत्या, "ताजं हायत." दिवाळीचे अक्रोड. आत्यांनी ताजे म्हटल्यावर कोण तपासून बघणार? आमच्या घरात आत्यांच्या नाकावर अपील नव्हतं. संपतनं विडी ओढली तर त्यांना अंगणातूनच कळायचं. दूध नासायच्या आधी कळायचं. मला दिवस गेलेत हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. मी भाकरी थापत होते, त्या शेजारून गेल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आज जड काही उचलू नको. तुझ्या अंगाचा वास बदललाय."

"कसा झालाय?" आत्यांनी विचारलं. स्वतः खात नव्हत्या. आमच्या तोंडांकडं बघत होत्या.

संपतनं घास गिळला. त्यांच्या गळ्याची गाठ खाली जाऊन वर आली. "चांगला झालाय, आये. चहाबरोबर तर एक नंबर लागंल."

"वैजे?"

"मस्त आहे, आज्जी," वैजू म्हणाली आणि तांब्याकडं गेली.

"मंदे?"

"छान," मी म्हटलं. "अंजीर चांगलं उतरलंय."

आत्या म्हणाल्या, "हं."

मग पदरानं हात पुसले आणि उरलेले स्कोन एकेक करून डब्यात रचायला लागल्या.

मी बादली उचलून मागं धुण्याच्या दगडाकडं गेले. माझ्यामागं संपत आले, दात कोरत. त्यांच्यामागं वैजू. तिघं जण एका दगडाभोवती उभे राहिलो. कपडे धुवायला मात्र कुणीच आलं नव्हतं.

"अक्रोड," संपत म्हणाले.

"खवट," मी म्हटलं.

"आयेला कळलं न्हाई."

आदल्या वर्षी जो ताप सगळ्या जगाला येऊन गेला, तो आम्हा चौघांनाही आला होता. चौघांचंही नाक गेलं होतं. कांदा आणि सफरचंद सारखंच लागायचं. मग एकेकाचं परत आलं. आधी वैजूचं, मग माझं, मग यांचं. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझंबी आलं की." त्यावर विषय संपला होता.

"मला दिवाळीपासून शंका होती," संपत हळूच म्हणाले. "मी तिच्या शेजारी बसून विडी ओढली. काही बोलली न्हाई."

"म्हणजे तुम्ही पुन्हा ओढताय?"

"ते राहू दे आता."

"मी तर करून बघितलंय," वैजू म्हणाली. "शनिवार होता. आज्जी माळ ओढत बसली होती. मी बोंबलाची बरणी तिच्या पाठीमागं नेऊन उघडली. पूर्ण उघडली, बाबा. ती 'श्रीराम जयराम' करत राहिली."

शनिवारी तीन घरं पलीकडं कुणी सुकट भाजलं तर खिडक्या लावायला लावणारी बाई. मी दगडावर बसले. माझ्या डोक्यात सारखं "काय म्हणतंय, मंदे? लोणी का गूळ?" फिरायला लागलं. परीक्षा. कसली परीक्षा? इतके महिने मी कुरकुरत, पाय आपटत त्यांच्यापुढं बसत होते आणि त्या माझ्या कानापाशी तोंड आणून विचारत होत्या, आणि मला वाटत होतं की सासुरवास नव्यानं सुरू झालाय.

"सांगायला पाहिजे त्यांना," मी म्हटलं.

"सांग की मग."

"मी? आई तुमची आहे."

"तू बाईमाणूस हायेस. तुला नीट सांगता येईल."

"नीट म्हणजे कसं? 'आत्या, तुमचं नाक गेलं, भाजी कसली करू?' असं?"

"मी सांगते," वैजू म्हणाली.

"गप!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

संपतनं दातातली काडी फेकली. "उद्याचा दिवस जाऊ दे. उद्या ती बाई येणार. तिच्यापुढं आये पडली तर... तुला ठावं हाय ना तो बंगला म्हणजे तिला काय हाय ते?"

मला ठाऊक होतं. सासरे लवकर वारले. तीन पोरांच्या पोटाला घातलं ते त्या बंगल्यानं. पण पोटाचं तेवढंच नव्हतं. गावात त्या गोळ्यांची विधवा सून होत्या. बंगल्यात हौसाबाई होत्या. दिनाबाई स्वतः दारात उभं राहून विचारायच्या, "हौसाबाई, आत येऊ का?"

"अक्रोड बदल तू," संपत म्हणाले. "गुपचूप. बाकी तू असतेसच भट्टीपाशी."

असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही, फक्त न बोलायचं ठरलं.

रविवारी दुकान उघडायच्या आधीच मी दुकानाच्या पायरीवर होते. अक्रोड घेतले, एक तिथंच चावून बघितला, दुकानदार म्हणाला, "वहिनी, विश्वास नाही का?" म्हटलं, "सध्या कुणावरच नाही." घरी येऊन आत्यांच्या डब्यातले जुने खड्ड्यात टाकले, नवे भरले, जुने होते तेवढेच, त्याच उंचीवर. इतक्या वर्षांत मी त्या घरात चोरून काही केलं असेल तर ते एवढंच.

आत्या अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आल्या. परातीत पीठ घेतलं. मी थंड लोण्याचे तुकडे टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळायला लागले.

"तळवा लावू नको. ऊब लागती."

"नाही लावत."

"रव्यासारखं झालं पाहिजे. आन ताक टाकल्यावर तिंबत बसू नको, चपातीची कणीक न्हाई ती. पोर झोपलंय असं समजून हात लाव."

मग त्यांनी डबा उघडला. नाक आत घातलं. मी परातीतल्या पिठाकडं बघत राहिले. श्वासाचा आवाज आला. वर बघितलं तर आत्यांनी डब्यातून एक अक्रोड काढला होता आणि दोन बोटांत फिरवत होत्या.

"आज लई कोरडं लागतायत," त्या म्हणाल्या. "काल हाताला तेल लागत हुतं."

"उन्हात ठेवले होते, आत्या."

"कधी?"

"सकाळी."

खिडकीबाहेर धुकं होतं. ऊन पडलंच नव्हतं. आत्यांनी खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "चिर बारीक."

सकाळचा थाळा झकास उतरला. मी तीन वास ओळीनं सांगितले, त्यांनी तीनदा "हं" म्हटलं. तो झाकून ठेवला, आणि दुसऱ्याची तयारी केली, कारण केळुस्करबाईंना समोर भाजलेलं बघायचं होतं. दुपारभर कुणी एका जागी बसलं नाही. वैजूनं उशांचे अभ्रे दोनदा बदलले. संपत फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे, जसं काही बाई फाटक चुकून पुढं जातील. आत्या स्टुलावर बसायच्या, उठून कप पुसायच्या, पुन्हा बसायच्या. मी वाटीनं स्कोन पाडत होते. "दाब आन उचल, फिरवू नको, कड बंद झाली की फुगायचा न्हाई," हे त्यांनी नेहमीसारखं म्हणावं म्हणून मी मुद्दाम एक वाटी फिरवली. त्यांचं लक्षच नव्हतं. खिडकीकडं बघत होत्या.

चारच्या सुमाराला गाडी आली. दारातून आधी सेंट आला, मग केळुस्करबाई आल्या.

बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? चप्पल बाहेर काढून आल्या, आत्यांना वाकून नमस्कार केला. पण सेंट! चाफा म्हणावा तर चाफा नाही, मोगरा म्हणावा तर नाही. सगळ्या फुलांनी एकदम भांडण काढावं तसा वास होता तो. आमचं स्वयंपाकघर ते केवढं. बाई ओव्हनशेजारीच पाट मागून बसल्या.

"मावशी, मला ते नाकाचं बघायचंय हं. माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात त्या बंगल्यात उतरायच्या. सांगायच्या की इथल्या हौसाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून सांगतात, थाळा झाला म्हणून."

"लई जुनी गोष्ट," आत्या म्हणाल्या. पण पाठ ताठ झाली.

मी थाळा आत सरकवला आणि दारापुढं बसले. माझ्या डावीकडं केळुस्करबाई, मागं आत्या.

बाई बोलत होत्या. ओट्स कसे चांगले, धान्य अख्खं कसं हवं, कोंड्यात काय काय असतं. आत्या हं हं करत होत्या. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. हळूच, बाईंना दिसणार नाही असा.

"काय म्हणतंय, मंदे?"

मी श्वास घेतला. सेंट. पुन्हा घेतला. सेंटच. लोणी नाही, गूळ नाही, काही नाही. नाक त्या फुलांनी गच्च बुजलं होतं.

"लोणी," मी अंदाजानं म्हटलं.

थोड्या वेळानं खांदा पुन्हा दाबला गेला. "आता?"

काय सांगू? पाहुणीला 'तुमच्या अंगाला वास येतो' असं कसं म्हणायचं? बाहेर चला म्हणावं तर त्या बघायला आलेल्या. उठून घड्याळ बघावं तर नाकाची सगळी गोष्टच बाईंपुढं खोटी पडली असती. मी दाराच्या फटीला नाक लावलं. फटीतून गरम हवा आली, तीही सेंटाची.

"गूळ... येतोय," मी म्हटलं.

बाईंनी श्वास सोडायच्या व्यायामाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. संपत दारात उभे होते, माझ्या तोंडाकडं बघत. आत्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मी थांबले. तिसरा येईल म्हणून थांबले. तो माझ्या नाकापुढून कधी निघून गेला मला कळलंच नाही.

"काढ!" आत्या ओरडल्या.

त्यांना धूर दिसला होता. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक दोरा निघाला होता. मी थाळा बाहेर ओढला. वरून तांबूस होते. एक उलटा केला तर बूड काळं कुळकुळीत.

"काहीतरी करपलं का हो?" केळुस्करबाईंनी विचारलं.

"सिलिंडर बदललाय, जाळ मोठा येतो," संपत म्हणाले.

"आज्जीला सकाळपासून सर्दी आहे," वैजू म्हणाली.

"माझंच लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

तिघांनी एकदमच म्हटलं. आत्यांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं, न फुगलेल्या स्कोनांकडं बघतात तसं.

"असू द्या, असू द्या," बाई हसल्या. "होतं असं."

वैजूनं घाईघाईनं सकाळचे स्कोन आणले, चहा आणला. बाईंनी एक फोडला, घास घेतला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच बोलायच्या थांबल्या. दुसरा घास घेतला. तुती काढून बघितली, अक्रोडाचा तुकडा वेगळा चावला. एक संपवून दुसरा उचलला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई खरंच सांगत होत्या. यात मैदा नाही हे कुणाला खरं वाटणार नाही."

आत्यांनी पदर सारखा केला.

"ठरलं मग. उद्यापासूनच या. गाडी पाठवते. किचन तुमचं. तीन मुली ठेवल्यात हाताखाली, नव्या आहेत पण चुणचुणीत आहेत. यांना कशाला घर सोडून ओढायचं?" त्यांनी माझ्याकडं हात केला. "तुम्ही एकट्या आलात तरी पुरे."

"सिंकवरची खिडकी हाय का अजून?" आत्यांनी विचारलं.

"आहे ना. दरी दिसते त्यातून."

"तिची खालची खिट्टी बसायची न्हाई."

"अजूनही बसत नाही," बाई म्हणाल्या, आणि आत्या हसल्या. त्या कशा हसल्या हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलंच नव्हतं.

संपतनं माझ्याकडं बघितलं. मी संपतकडं. एकट्या. त्या नव्या पोरींमध्ये, त्या खोलीत, आत्या स्टुलावर बसणार आणि कुणाच्या खांद्यावर हात ठेवणार? पहिल्याच थाळ्याला पोरी एकमेकींना कोपर मारतील. संध्याकाळपर्यंत बंगलाभर होईल. आणि इथं घरात, एवढ्या वर्षांनी, ओव्हन माझा होईल. हा विचारही तेव्हा मनात येऊन गेला, आला तसा मी हाकलला, पण आला.

"जाईल की आये," संपत म्हणाले. "का न्हाई जायची?"

मी तोंड उघडलं. "आत्या..."

आत्यांनी हात वर केला.

"मंदे, मघाशी काय झालं?"

"काही नाही, आत्या. लक्ष नव्हतं माझं."

"तुझं लक्ष हुतं. मी खांद्याला हात लावून बसले हुते, खांदा दगडासारखा झालता तुझा. थाळा का जळला?"

"चुकलं."

"तुला वास का न्हाई आला?"

मी जमिनीकडं बघितलं. मग केळुस्करबाईंकडं. मग पुन्हा जमिनीकडं.

"बाईंच्या सेंटचा वास होता, आत्या," मी म्हटलं. "त्याच्यापुढं दुसरं काही लागेना."

केळुस्करबाईंचा हात गळ्यापाशी गेला. वैजूनं डोळे मिटून घेतले.

"लई वास हाय का?" आत्यांनी विचारलं.

त्या बाईंच्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. संपत दारातून एक पाऊल मागं सरले. केळुस्करबाईंनी आत्यांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि हातातला स्कोन हळूच बशीत ठेवला.

"हौसामावशी..." त्यांनी सुरुवात केली.

आत्या उठल्या. स्टूल मागं सरकवलं. करपलेल्या थाळ्यातला एक स्कोन उचलून त्याचं बूड निरखलं आणि तो परत ठेवला. मग बाईंच्या समोर उभ्या राहिल्या, लुगड्याचा काठ सारखा करत, कामावर रुजू व्हायला आल्यासारख्या.

"बाई, मला वास येत न्हाई. ताप गेला तवापासनं न्हाई. ह्या तिघांना ठावं हाय, आन त्यांना ठावं हाय हे मला ठावं हाय. भट्टीम्होरं मी नुसती बसते. भाजते ही."